दारातलं कडवं

जर्मनीत दार न उघडण्याचे सात प्रकार आहेत आणि शमिका भिंगारदिवेला ते सगळे तोंडपाठ होते. पहिल्यात बेल वाजते आणि आत कुणीच नसतं. हा सगळ्यात निरुपद्रवी. दुसऱ्यात इमारतीखालच्या इंटरकॉमच्या जाळीतून ‘नाइन, डांके’, म्हणजे नको, धन्यवाद, असा आवाज येतो आणि जाळी खटकन गप्प होते. तिसऱ्यात पडदा हलतो, टीव्ही बारीक होतो आणि अख्खं घर श्वास रोखून बसतं. असं करत करत सातवा. सातव्यात दार चक्क उघडतं, आतला माणूस तुमच्या छातीवरची पट्टी वाचतो, छान हसतो, आणि दार इतक्या हळू लावतो की आपणच त्यांच्या पायपुसण्यावर काहीतरी सांडलं की काय असं वाटावं. हा सातवा प्रकार तिला सर्वांत झोंबायचा. चार शिव्या हासडल्या असत्या तर निदान घरी सांगायला काही झालं असतं.

छातीवरची ती पट्टी काळी होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सिस्टर भिंगारदिवे’ असं लिहिलेलं होतं. बिचारे लोक वाचायला घेत आणि ‘भिंगा’पर्यंत येऊन हात टेकत. शमिका बावीस वर्षांची होती, नगरची होती, आणि मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाची मिशनरी म्हणून दीड वर्षासाठी जर्मनीत आली होती. सध्याचा मुक्काम एर्लांगेन. दीड वर्षातले पंधरा महिने सरले होते.

मॉर्मन मिशनऱ्यांचे नियम ऐकले तर आपल्याकडच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनाही घाम फुटेल. सकाळी साडेसहाला उठायचं. प्रार्थना, अभ्यास, मग सायकल काढायची आणि लोकांना भेटायला निघायचं. रात्री नऊला घरात. चहा नाही, कॉफी नाही. घरी जायचं नाही, कुणाच्या लग्नाला नाही की मयतीला नाही. दोघी-दोघींच्या जोड्या असतात आणि जोडीदारणीच्या नजरेआड व्हायचं नाही; एकटेपणा म्हणून मिळतो तो न्हाणीघरात. आणि एकमेकींना नावाने हाक मारायची नाही, आडनावानेच. सोमवारी कपडे धुवायचे, बाजारहाट करायचा आणि घरी फोन करायचा. म्हणजे सोमवारच्या त्या तासाभरात आई जेवढ्या वेळा ‘शमे’ म्हणेल तेवढंच तिचं नाव. बाकी सहा दिवस ती नुसती भिंगारदिवे असायची.

हे सगळं तिने आपणहून मागून घेतलं होतं बरं का, कुणी गळ्यात मारलं नव्हतं. पुण्यात शिकताना मैत्रिणीबरोबर एका रविवारी ती मॉर्मनांच्या सभेला गेली, मग दुसऱ्या रविवारी, आणि वर्षभराने तिने त्यांचा बाप्तिस्मा घेतला. तिला तिथे काय मिळालं हे तिला नीट सांगता यायचं नाही. एवढंच म्हणायची की तिथे प्रार्थना करताना कुणीतरी ऐकतंय असं वाटतं. यात तुमच्या-आमच्यासारख्यांनी बोलण्यासारखं काही नाही. बोलायचं होतं ते तिच्या वडिलांना, आणि ते बोललेच नाहीत.

भास्कर भिंगारदिवे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. सहा दिवस ग्रीस, रविवारी पेटी. नगरच्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला पेटी वाजवणारा माणूस म्हणजे काय हे बाहेरच्याला कळायचं नाही. पाळक बदलतात, पेटीवाला तोच राहतो. त्यांच्या आजोबांनी गाव सोडलं, गावकी सोडली, तेव्हा याच मंडळीने त्यांना पाट मांडून दिला होता. तिथून पोरगी उठून दुसऱ्याच पंगतीला जाऊन बसली, असं भास्कररावांना वाटलं. देव तोच, येशू तोच, मग चाललीस कुठे? पण हेही ते मोठ्याने म्हणाले नाहीत. तिला कळलं ते चहावरून.

सकाळचा चहा घरात तेच करायचे. तीन कप, आलं ठेचून. सुट्टीत घरी आलेली शमिका एका सकाळी म्हणाली, “पप्पा, मला नको.” त्यांना वाटलं पित्त झालं असेल. दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, “हेही त्यांच्यात चालत नाही?” ती म्हणाली, “नाही.” त्यांनी तिच्यासमोरचा कप उचलला, मोरीत ओतला, विसळून पालथा घातला. बास. भांडण झालं ते एवढंच. जर्मनीचं पत्र आल्यावर त्यांनी तिच्या बॅगेचं मोडकं चाक दुरुस्त केलं, बॅग स्टँडवर नेली, गाडीच्या पोटात चढवली, आणि गाडी हलली तेव्हा ते टायरकडे बघत होते. तिथून पुढे पंधरा महिने चकार शब्द नाही.

दर सोमवारी आई, म्हणजे स्नेहलताबाई, साखरेच्या डब्याला फोन टेकवून बोलत. त्यांच्या मागे ओटा, ओट्यावर गॅस, आणि बाजूला बाहेरच्या खोलीचं दार. त्या दारापलीकडे पप्पा बसलेले असत. खोकल्याचा आवाज यायचा, पेपर उलटल्याचा यायचा. माणूस यायचा नाही.

“बोला ना हो पोरीशी,” आई दाराकडे बघून म्हणे.

पलीकडे पेपर उलटे.

“पातेल्यात अजून तीन कपांचंच पाणी ठेवतात,” आईने एकदा हळूच सांगितलं. “तिसरा मग मलाच प्यावा लागतो. ॲसिडिटी झालीय मला तुमच्या दोघांच्या भांडणात.”

गेल्या नाताळला तिला वाटलं होतं, सणाला तरी येतील फोनवर. तेव्हा ते गॅसचं सिलिंडर आणायला गेले होते. नाताळच्या दिवशी, एजन्सीला सुट्टी असताना.

या वर्षी गोष्ट तेवढ्यावर राहणार नव्हती. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात मिशनच्या कचेरीतून परतीचा फॉर्म आला. मार्चमध्ये तिची मुदत संपत होती. फॉर्मवर दोन चौकटी होत्या: परतल्यावर कुठे राहणार, आणि विमानतळावर घ्यायला कोण येणार. फॉर्म वर्ष संपायच्या आत पाठवायचा होता. पुण्यातल्या त्यांच्या मंडळीतल्या एका बाईंनी आधीच कळवलं होतं की वाटलं तर आमच्याकडे राहा, खोली रिकामी आहे. आई म्हणाली होती, “घर माझंही आहे, तू ये.” पण ज्या घरात बाप तोंड फिरवून पेपर वाचत बसणार त्या घराचा पत्ता लिहायला शमिकाचा हात होईना. पुण्याचा पत्ता लिहायलाही होईना. पुण्याचा लिहिला की नगर सुटलंच. फॉर्म टेबलावर तसाच पडला होता आणि त्याच्यावर रोज काही ना काही ठेवलं जायचं, कधी हातमोजे, कधी ब्रेड.

“तू हा भरत का नाहीस?” सिस्टर टॅनरने विचारलं. ही तिची जोडीदारीण. अमेरिकेतल्या आयडाहोची, बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, एकोणीस वर्षांची, येऊन चार महिने झालेली. चेहरा असा की मनात आलेलं आधी तिथे दिसावं.

“भरते,” शमिका म्हणाली आणि फॉर्मवर सायकलची किल्ली ठेवली.

डिसेंबरचं जर्मनी फोटोत असतं तसं नसतं. बर्फाचा पत्ता नव्हता. नुसता बारीक पाऊस, साडेचारला अंधार, आणि ओल्या सीटवर पिशवी बांधलेल्या सायकली. गावात नाताळचा बाजार लागला होता. भाजलेले बदाम, दालचिनी, लोकांच्या हातात वाफाळत्या वाइनचे कप. या दोघींनी तिथे उभं राहून मुलांसाठी असतं ते गरम सरबत प्यायचं. दालचिनीचा वास आला की सिस्टर टॅनरला आईच्या हातच्या पावांची आठवण येई आणि ती भर बाजारात रडू लागे. शमिका तिला जवळ घेई. स्वतः रडायची सोय नव्हती. ती थोरली होती ना.

तिला ज्या वासाची आठवण यायची तो या बाजारात मिळण्यातला नव्हता. नगरला त्यांच्या वस्तीत डिसेंबर उजाडला की गल्लीभर तळणीचा वास सुटायचा. दिवाळीला इतरांकडे होतं ते सगळं यांच्याकडे नाताळला: करंज्या, शेव, चकल्या, अनारसे. दारात कागदी चांदणी, आत भिंतींना चुन्याचा नवा हात. आणि संध्याकाळपासून निघायची ती फेरी.

फेरीचं जरा सांगायला हवं. पंधरा-वीस जण, एक ढोलकी, गळ्यात अडकवलेली पेटी. प्रत्येक घरासमोर थांबायचं. घरातले लोक मुद्दाम दार लावून आत बसलेले असायचे. मग फेरीवाल्यांनी दारातलं कडवं म्हणायचं. हे कडवं शमिकाचे आजोबा आत्माराम भिंगारदिवे यांनी बांधलेलं:

*उघडा दार घरधनी, बाहेर थंडी फार,*
*मरिया आहे अवघडलेली, कुणी देईना थार.*

यावर घरातल्यांनी आतून उत्तर गायचं: *जागा आहे, जागा आहे, या हो आत या.* उत्तर गाऊन झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. बेथलेहेमात मरियेला आणि तिच्या नवऱ्याला कुणी जागा दिली नव्हती, ती चूक आपल्या गल्लीत होऊ द्यायची नाही, असा आजोबांचा हिशेब. दार उघडलं, सगळे आत येऊन टेकले, की मग घरातलं कडवं, पाळण्याचं:

*पाळणा हलवा सयांनो, निजलं माझं बाळ,*
*गोठ्यामधल्या गवतावरती उजाडली सकाळ.*

त्यानंतर करंज्या. हा क्रम म्हणजे क्रम. एका वर्षी कुणीतरी उत्साहात दाराबाहेरच पाळणा सुरू केला तर भास्कररावांनी पेटीचा भाता मिटून सगळ्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत मागे नेलं होतं आणि पुन्हा पहिल्यापासून आणलं होतं. पप्पा पुढची ओळ म्हणायचे आणि शमिका, सहा वर्षांची होती तेव्हापासून, झील धरायची. मुख्य ओळ ती कधीच गायली नव्हती. तिचं काम मागून साथ करण्याचं. आता डिसेंबरात सायकल चालवताना ओठ आपोआप हलायचे आणि पुढची ओळ कुणी म्हणत नाही म्हणून झील तशीच घशात राहायची.

तिसऱ्या आठवड्यात त्या दोघी एका उंच इमारतीच्या खाली बटणं दाबत होत्या. अठ्ठेचाळीस बटणं. दुसरा प्रकार, दुसरा, पहिला, पुन्हा दुसरा. आणि मग एका बटणावर नाव दिसलं: खरवंडीकर. शमिकाने ते दोनदा वाचलं. एवढं लांब नाव या देशात आपलं एकटीचंच आहे अशी तिची समजूत होती. तिने बटण दाबलं.

“हॅलो? कोण आहे?” जाळीतून आवाज आला.

“नमस्कार, मी शमिका,” ती बोलून गेली. सिस्टर म्हणायचं राहूनच गेलं.

आठवा प्रकार तिने तोवर पाहिलेला नव्हता. दार गुरगुरून उघडलं, आणि चौथ्या मजल्यावर लिफ्टपाशीच एक साठीच्या बाई शाल घेऊन उभ्या होत्या. “मराठी बोललीस ना तू? ये, ये. ही गोरी कोण? हिलाही घे. चपला नका काढू, फरशी गार आहे. बरं काढा, हे मोजे घ्या.”

या प्रभाकाकू. मुलगा कपिल तिथल्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर, सून हॉस्पिटलात, आणि नातू वेद, वय सहा. काकू सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि त्यातले दोन नुसत्या भिंतीशी बोलण्यात गेले होते.

“वेद, बघ कोण आलंय. नमस्ते कर.”

“काइने लुस्ट,” वेद गाडीवरून नजर न काढता म्हणाला.

“मन नाही म्हणतोय,” काकूंनी भाषांतर केलं. “सगळं समजतं हो लबाडाला. करंजी खातोस का विचारलं की एका सेकंदात मराठी येतं.” मग पट्टीकडे बघून त्या म्हणाल्या, “ख्रिस्ती ना तुम्ही? धर्म-बिर्म मला सांगू नकोस हं, मला आहे तोच झेपत नाही. बस. चहा टाकते.”

शमिका घाईने म्हणाली, “काकू, आम्ही चहा नाही घेत.”

काकू पातेलं हातात घेऊन थबकल्या. “म्हणजे? आमच्या शेजारच्या मेरीबाई तर बशीत ओतून दोन-दोन कप प्यायच्या.”

“त्या वेगळ्या मंडळीतल्या. आमच्यात चालत नाही. कॉफीपण नाही.”

मराठी घरात चहाला नाही म्हणणं म्हणजे काय ते शमिकाला चांगलं ठाऊक होतं. एकदा नाही म्हटल्याचे पंधरा महिने ती भोगत होती. ती कप मोरीत ओतला जायची वाट बघत बसली. पण काकूंनी फ्रीज उघडला. “गवती चहा चालतो? पत्ती नाही घालत. नुसती पात, आलं, गूळ. आशियाई दुकानातून आणते, सोन्याच्या भावाने.”

शमिकाने विचार केला. पत्ती नसली तर अडचण नव्हती. “चालतो,” ती म्हणाली.

पातेल्याला उकळी आली आणि त्या चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात आलं आणि गवती चहाचा वास भरला. शमिकाने कप दोन्ही हातांत धरला. पहिला घोट घशाखाली गेला आणि इतक्या दिवसांचं बांधून ठेवलेलं सगळं सुटलं. तिने काकूंना सांगितलं. पप्पांचं, कपाचं, सिलिंडरचं, फॉर्मचं. धर्माबद्दल एक शब्द नाही. मिशनरी म्हणून ती भेट साफ वाया गेली. सिस्टर टॅनर एक अक्षर न कळता शेजारी बसून वेदला गाड्या लावून देत होती.

“पुरुष मेले असेच,” काकू म्हणाल्या. “माझे हे कपिलशी वर्षभर बोलले नव्हते, मेकॅनिकल सोडून नाटकात जातो म्हणाला म्हणून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मग एक दिवस कपिल स्कूटरला किकवर किक मारत होता, तर हे आतून ओरडत आले, अरे गाढवा, चोक दे आधी! तिथून बोलायला लागले.” त्यांनी तिच्या कपात आणखी ओतलं. “तू गाणं म्हणतेस ना? म्हण एक. हे घर फार मुकं आहे गं.”

शमिका घरात बसली होती, म्हणून तिने घरातलं कडवं म्हटलं. पाळण्याचं. आयुष्यात पहिल्यांदा पुढची ओळ. झील धरायला कुणी नाही हे बघून तिने सिस्टर टॅनरला ‘नीज रे राजा, नीज रे’ एवढं शिकवलं. टॅनरने ते आयडाहोच्या उच्चारात म्हटलं आणि वेदने प्रथमच मान वर केली.

पुढचे आठ दिवस त्या दोघी तेच गात हिंडल्या. वृद्धाश्रमात गायल्या, तिथल्या एका नव्वदीच्या आजींनी डोळे मिटून टाळ्या दिल्या. त्यांच्या मंडळीतल्या घरांमध्ये गायल्या. सगळीकडे आत बसून, सगळीकडे पाळणाच. दारातलं कडवं म्हणायची वेळ आलीच नाही. जर्मनीत दाराबाहेर उभं राहून गाणं म्हटलं तर शेजारी पोलिसांना फोन करतात. सोमवारी तिने आईला काकूंचं सगळं सांगितलं, गवती चहाचंसुद्धा. पलीकडे पेपरचा आवाज थांबल्यासारखा वाटला, पण आईला विचारायचा धीर झाला नाही.

चोवीस तारखेला दुपारी दोनला एर्लांगेन मिटलं. दुकानं बंद, बस तासाला एक, रस्त्यात चिटपाखरू नाही. खिडक्याखिडक्यांतून झाडं उजळली, आणि आतले लोक आतल्यांचे झाले. त्या दिवशी कुणाची बेल वाजवायची नाही अशी सूचना होती. दोघी ओल्या रस्त्याने चालत घरी आल्या. शमिकाला कधी नव्हे ते बंद दारांचा राग आला नाही. नुसती हुरहुर लागली.

पंचवीसला घरी बोलायची वेळ सकाळी साडेअकराची मिळाली होती. म्हणजे नगरला दुपारचे चार. चारचा चहा. तिने मुद्दाम तीच मागितली होती. फॉर्म तिने टेबलावर पुढ्यात ठेवला, शेजारी पेन. आज फोन झाला की जो पत्ता मनात येईल तो लिहून टाकायचा, असं तिने ठरवलं होतं.

फोन लागला. साखरेचा डबा, ओटा, गॅसवर पातेलं, आईची नवी साडी. “हॅपी क्रिसमस, शमे! जेवलीस? बारीक झालीस. यंदा दोनशे करंज्या केल्या, पण फेरीत काही मजा नाही बघ. झील धरायला शेजारचं पोर घेतात, त्याचा सगळा जीव करंज्यांच्या ताटात.”

“पप्पा?”

आईने दाराकडे पाहिलं. “आहेत. पेटी पुसतायत. सकाळपासून पुसतायत.”

म्हणजे यंदा सिलिंडर नाही, पेटी. शमिकाने मान हलवली. सिस्टर टॅनर मदतीला धावली. ती स्क्रीनमध्ये डोकावली, हात हलवला आणि शमिकाला कोपराने ढोसत म्हणाली, “गाऊ या ना! तुझ्या आईला माझा भाग ऐकव.” तिने एवढी मेहनत घेतली होती, कुणाला तरी दाखवायलाच हवी होती.

शमिकाने डोळे मिटले आणि आठ दिवसांच्या सवयीने सुरू केलं. *पाळणा हलवा सयांनो, निजलं माझं बाळ…*

“नीज रे राजा, नीज रे,” टॅनरने झोकात झील ओढली.

*गोठ्यामधल्या गवतावरती…*

“थांब!”

आवाज दारापलीकडून आला होता. आईचा हात तोंडाशी गेला. शमिकाने डोळे उघडले. स्क्रीनवर कुणी नव्हतं, नुसतं ते दार.

“दाराबाहेर उभं राहून पाळणा कोण म्हणतं?” पप्पांचा आवाज भयंकर तापलेला होता. “तिथे जाऊन एवढंसुद्धा विसरलीस? घरात घेतलंय का अजून कुणी तुला? आधी दारातलं कडवं!”

पंधरा महिन्यांनी ऐकलेले हे पहिले शब्द. शमिका म्हणाली, “चुकलं, पप्पा.”

“चुकलं म्हणे. पट्टीपण चढी धरलीस. काळी दोनला वर जाऊन किंचाळशील. काळी एकला घे.”

आणि पलीकडे पेटीचा भाता हलला. काळी एक वाजली, लांब, एकसारखी. जुनी पेटी, मधेच श्वास लागल्यासारखी करणारी. तो सूर तिने कुठेही ओळखला असता. तिने तो धरला.

*उघडा दार घरधनी, बाहेर थंडी फार,*
*मरिया आहे अवघडलेली, कुणी देईना थार.*

दुसऱ्या ओळीशी आवाज फाटला, पण तिने ओळ सोडली नाही. इथे झील नसते. इथे आतल्यांनी उत्तर द्यायचं असतं. टॅनरने आपली पाळी समजून तोंड उघडलं तेव्हा शमिकाने तिचा हात घट्ट दाबला. पेटीचा सूर चालू होता. आई गाऊ शकली असती, ती घरातलीच होती, पण तिनेही पदराने तोंड दाबून धरलं होतं. एवढं एक उत्तर कुणी द्यायचं हे तिला कळत होतं.

पेटी थांबली. आता फोन बंद करतील, शमिकाला वाटलं.

मग पेटीशिवायच, घोगऱ्या, जड आवाजात, पलीकडून आलं:

*जागा आहे, जागा आहे, या हो आत या.*

तेवढ्यात आईच्या मागे पातेलं उतू जायला लागलं, आणि घरातला चहा उतू जाताना बघत बसणं भास्कररावांना जन्मात जमलं नसतं. ते दारातून आले. स्क्रीनमध्ये खांद्यापासून कमरेपर्यंतच दिसले. नाताळचा नवा शर्ट, घड्या अजून न मोडलेल्या. त्यांनी गॅस बारीक केला आणि फोनकडे पाठ करून तिथेच उभे राहिले.

“ती झील ओढणारी बरी आहे,” ते पातेल्याला म्हणाले. “उच्चार नाहीत, पण सुरात आहे.”

“हो पप्पा.”

“त्या तुझ्या काकूंचं आईने सांगितलं. गवती चहाचं.” त्यांनी गाळणी उचलली. “लावलाय मी. तेलाच्या डब्यात, दारापाशी. मार्चपर्यंत होईल कापण्यासारखा.”

शमिकाने टेबलाची कड धरली. “पप्पा, मला घ्यायला कोण येईल?”

“कोण येणार? पोस्टमन?” ते म्हणाले आणि चहा गाळायला लागले.

फोन संपला तेव्हा शमिका टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडत होती. चार महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीची घाबरगुंडी उडाली. “काय झालं? काय म्हणाले ते?” सिस्टर टॅनर तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारत राहिली. “ओरडत होते ना? वाईट काही?”

“मी चुकले म्हणाले,” शमिका म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. टॅनरला काही उमगेना. पण तीही रडायला तयारच होती, ती रडली.

मग शमिकाने नाक पुसलं आणि फॉर्म ओढला. पहिल्या चौकटीत नगरचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट. दुसऱ्या चौकटीत, घ्यायला कोण येणार तिथे, तिने सावकाश लिहिलं: भास्कर आत्माराम भिंगारदिवे. चौकट जर्मन नावांच्या मापाची होती. नाव मावेना, तेव्हा उरलेलं तिने समासात लिहिलं.